छोटी तपकिरी छत्री ओळखायची कशी?

शिरूर अनंतपाळ तालुक्यात जंगल म्हणावं असं फारसं काही नाही. घरणी आणि साकोळ तलावांच्या बाजूची झाडी, गायरानातल्या बाभळी आणि हिवरं, रस्त्याकडेचे करंज, देवळामागची चिंच, बांधावरचे लिंब, एवढीच इथली वनराई. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरचं नाव नेहमी येतं. २०१६च्या उन्हाळ्यात या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा ठिकाणी रानातल्या विषारी छत्र्यांवर लिहायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून मध्ये उघडीप मिळाली की उकिरड्यावर, भुसकटाच्या ढिगाशी, शेणाच्या पोवावर, वाळलेल्या बाभळीच्या बुंध्याशी, शाळेच्या पटांगणातल्या गवतात बोटभर उंचीच्या तपकिरी छत्र्या रातोरात उगवतात. संध्याकाळी त्या तिथे नसतात आणि सकाळी लेकरं त्यांच्याभोवती जमलेली असतात.

त्यांना आपण सरसकट कुत्र्याची छत्री म्हणतो आणि पायाने उडवून पुढे जातो. या सवयीला अडाणीपणा समजण्याचं कारण नाही. तिने पिढ्यान् पिढ्या माणसं वाचवली आहेत. आता मात्र ती सुटत चालली आहे. लग्नाच्या पंगतीत मशरूमची भाजी आली, बाजारात बटणाची आणि धिंगरीची पाकिटं आली, मोबाइलवर रानभाज्यांचे व्हिडिओ आले. खाण्याची भीती गेली, पण ओळखण्याची विद्या तिच्या जागी आली नाही. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा, आणि सुरुवात जगभरच्या पुस्तकांत या बाबतीत सर्वांत बदनाम असलेल्या एका छत्रीपासून करायला हवी.

तिचं शास्त्रीय नाव गॅलेरिना मार्जिनाटा. ऑगस्ट बात्श या जर्मन अभ्यासकाने १७८९ साली तिचं पहिलं वर्णन केलं. युरोप, उत्तर अमेरिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे ती आहे. तिला थंडावा लागतो आणि खाली कुजणारं लाकूड लागतं. टोपी दीड ते पाच सेंटिमीटर, ओली असताना मधाळ तपकिरी. वाळू लागली की मधला भाग आधी फिका पडतो आणि कडा गडद राहते, त्यामुळे एकाच छत्रीवर दोन रंग दिसतात. टोपीखालच्या पात्या आधी फिकट आणि मग गंजाच्या रंगाच्या. देठ बारीक, खाली जाईल तसा काळपट. देठाच्या वरच्या भागात एक पातळ कडं असतं, आणि वरून गळलेले बीजाणू त्यावर साचले की तेही गंजाच्या रंगाचं होतं. हे कडं पावसाने किंवा नुसतं बोट लागूनही झडून जातं. म्हणजे जी खूण सर्वांत उपयोगाची, तीच सर्वांत आधी हरवते. उरते ती बारीक देठाची एक साधी तपकिरी छत्री, आणि तशा दिसणाऱ्या छत्र्यांच्या शेकडो जाती आहेत. बुरशीशास्त्राचे अभ्यासकसुद्धा या सगळ्या गोतावळ्याला 'छोट्या तपकिरी छत्र्या' असं एकच नाव देतात आणि सूक्ष्मदर्शक नसेल तर निश्चित नाव सांगण्याचं टाळतात.

१९८१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात व्हिडबे बेटावर काही तरुणांनी नशेच्या छत्र्या समजून गॅलेरिना खाल्ली आणि एका सोळा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. नशेच्या त्या छत्र्याही छोट्या आणि तपकिरीच असतात. दोन्ही एकाच कुजक्या लाकडावर शेजारी शेजारी उगवू शकतात.

गॅलेरिनातलं विष म्हणजे अमॅनिटिन. डेथ कॅप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमॅनिटा फॅलॉइडिसमध्ये तेच असतं. हाइनरिश वीलांड आणि रुडॉल्फ हालरमायर यांनी १९४१ साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं. आठ अमिनो आम्लांची ही बंद साखळी आहे. उकळून ती तुटत नाही, वाळवून तुटत नाही, तळून तुटत नाही, पोटातल्या पाचकरसांनीही तुटत नाही. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या जनुकांवरून संदेश उतरवून घेते आणि त्या संदेशावरून प्रथिनं बनवते. संदेश उतरवणारं जे यंत्र, आरएनए पॉलिमरेज दोन, त्यालाच हे विष अडकवून ठेवतं. प्रथिनं बनायची थांबली की पेशी मरते, आणि सर्वांत आधी मरतात त्या यकृताच्या पेशी, कारण आतड्यातून शोषलेलं विष थेट तिथे जातं. यकृत ते पित्तातून पुन्हा आतड्यात सोडतं, आतडं पुन्हा शोषून घेतं. तेच विष असं फिरून फिरून यकृतावर येत राहतं. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक दशांश मिलिग्रॅम एवढं विष जिवावर बेतायला पुरतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. मराठवाड्याचं ऊन आणि बेसाल्टवरची काळी माती ही काही गॅलेरिनाची आवडती जागा नव्हे. डेथ कॅपचं तर त्याहून कठीण. तिला नुसती सावली चालत नाही, विशिष्ट झाडांच्या मुळांशी लागेबांधे जुळवावे लागतात. ओक, पाइन अशा झाडांच्या बारीक मुळांवर तिचं कवकजाल म्यानासारखं चढतं, झाडाला पाणी आणि खनिजं पोचवतं आणि बदल्यात साखर घेतं. लिंब, चिंच, बाभूळ ही झाडं त्या प्रकारचा संसार मांडत नाहीत. त्यांची भागीदारी मुळांच्या आत राहणाऱ्या दुसऱ्याच बुरशींशी असते, आणि त्या बुरशी छत्र्या काढत नाहीत. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचं खरंखुरं जंगल आहे, पण सागही याच दुसऱ्या गटातला. म्हणून युरोपातलं पुस्तक हातात घेऊन किनवटच्या सागाखाली डेथ कॅप शोधणं व्यर्थ आहे.

एवढं वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. अमॅनिटिन तयार करणारा आणखी एक गट आहे, लेपिओटा, आणि त्याला कुठल्याही झाडाशी सोयरीक करावी लागत नाही. कुजलेला पालापाचोळा, बागेतली माती, रस्त्याकडेचं गवत, एवढं त्याला पुरतं. या गटातल्या काही जातींत डेथ कॅपच्या तोडीचं विष असतं. टोपी दोन ते सहा सेंटिमीटर, पांढुरक्या तळावर तपकिरी किंवा विटकरी खवले, मधोमध दाट आणि कडेला विरळ. पात्या पांढऱ्या, देठाला न चिकटलेल्या. देठावर कडं असलं तर पुसटसं. रंगाने भडक नाही, वासाने उग्र नाही. कोनोसायबी आणि तिच्या जवळच्या जाती गवतात उगवतात, शंकूसारख्या टोपीच्या, इतक्या नाजूक की दुपारपर्यंत मान टाकतात. त्यांच्यातल्या एका जातीतही हेच विष सापडलं आहे. शाळेच्या पटांगणात किंवा अंगणातल्या हिरवळीत रांगतं लेकरू तोंडात घालतं ते बहुधा असलंच काहीतरी.

शेणावर उगवणाऱ्या पॅनिओलस वेगळ्या. देवणी जनावरांच्या या मुलखात त्यांना पोव कमी पडत नाहीत. लांब सरळ देठ, घंटेच्या आकाराची करडी-तपकिरी टोपी आणि पात्यांवर काळे-करडे ठिपके. यांतल्या काहींनी जीव जात नाही, पण माणूस बरळू शकतो. सडक्या लाकडाशी झुपक्याने येणाऱ्या फिकट तपकिरी, बोटांत चुरा होणाऱ्या कॅन्डोलिओमायसिस बहुतेक निरुपद्रवी. या सगळ्या एका आठवड्यात, एकाच वाड्याच्या आवारात दिसू शकतात. दहा पावलांवरून बघितलं तर सगळ्या सारख्याच.

सर्रास विषबाधा करणाऱ्या आणखी एका छत्रीचं नावही इथेच घेतो, जरी ती छोटी नाही आणि पुरती तपकिरीही नाही. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस पावसाळ्यात गायरानात आणि मैदानात तळहाताएवढी होते. पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, दिसायला अगदी खाण्याजोगी. हिने दोन-तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब होतात. जून झाली की पात्या हिरवट पडतात, आणि छत्र्यांत हिरवे बीजाणू ही फार दुर्मीळ गोष्ट असल्याने ती तेव्हा चटकन कळते. कोवळी असताना मात्र पात्या पांढऱ्याच असतात, आणि लोक तोडतात ती कोवळीच.

गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा आता एकेक करून बाजूला ठेवू. भाजीत चांदीचं नाणं टाकलं आणि काळं पडलं तर विषारी, असं म्हणतात. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळवंडते, ती उकडलेल्या अंड्यानेही काळवंडेल. अमॅनिटिनने तिला काही होत नाही. लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, हळद लाल होते, हेही तसंच बिनबुडाचं. अळ्या-गोगलगायींनी कुरतडलेली छत्री माणसालाही चालते, हा समज तर फार घातक. गोगलगायी डेथ कॅप आनंदाने खातात. विष एकाच जातीचं नसतं, त्यामुळे सगळ्या विषारी छत्र्यांना लागू पडेल अशी कुठलीच एक परीक्षा नाही, आणि पुढेही निघणार नाही. नुसत्या अनुभवावरही भिस्त ठेवता येत नाही. आसामच्या चहामळ्यांत पिढ्यान् पिढ्या छत्र्या खाणारी माणसं आहेत. एप्रिल २०२२मध्ये दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात छत्र्या खाऊन ३५ जण दाखल झाले आणि त्यांतले १३ दगावले. बहुतेक जण मळ्यांतल्या कामगार कुटुंबांतले होते.

मग ज्या भागांत छत्र्या खाल्ल्या जातात तिथले जाणते लोक ओळखतात कसे? माझ्या मते ते विषारी छत्र्या ओळखतच नाहीत. ते खाण्याच्या दोन-तीन ओळखतात, आणि बाकीच्या सगळ्या सोडून देतात. कोकणातली आणि गोव्यातली वारुळावरची अळंबी याचं उत्तम उदाहरण. तिचा गट टर्मिटोमायसिस. रॉजे हाइम या फ्रेंच अभ्यासकाने १९४२ साली हे नाव दिलं. ही अळंबी वाळवीच्या शेतीचं पीक आहे. वाळवी जमिनीखाली चावलेल्या लाकडाचा आणि पाल्याचा लगदा रचून त्यावर ही बुरशी वाढवते, तीच खाते आणि तिच्याशिवाय जगत नाही. पाऊस मुरला की बुरशी त्या मळ्यातून देठ वर काढते. जमिनीवर वीतभर दिसणारी छत्री खाली हातभर, कधी त्याहून खोल गेलेली असते. टोपीच्या मधोमध माती फोडण्यासाठी टणक टोक असतं. हळूहळू माती उकरत गेलं तर देठ बारीक होत होत थेट वाळवीच्या मळ्यापर्यंत पोचतो. टोपी बघून फसायला होतं, पण हा सोट दुसऱ्या छत्रीला सहसा नसतो. म्हणून जाणती बाई छत्री वरच्यावर खुडत नाही, काडीने उकरून मुळासकट काढते.

पण इथेही एक खोच आहे. याच गटातली टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही जात अगदी लहान, नखाएवढ्या ते रुपयाएवढ्या टोप्यांची. वाळवी कधी कधी मळ्यातला लगदा उचलून जमिनीवर आणून टाकते आणि त्यावर या छत्र्या शेकड्यांनी उगवतात. त्यांना सोट नसतोच. खायला चांगल्या, म्हणून लोक मूठमूठभर खुडतात. त्या गर्दीत चार लेपिओटा मिसळल्या तर खुडणाऱ्या हाताला कळणार नाही. बाकी कुणी काहीही सांगो, बारीक छत्र्यांची भाजी रानातून आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळखीच्या अभ्यासासाठी मात्र छोट्या छत्र्यांइतकं मन रमवणारं दुसरं काही नाही. त्याला पैसेही लागत नाहीत. नुसतं हाताळल्याने हे विष अंगात जात नाही, नंतर हात स्वच्छ धुतले की झालं. एक चांगली उमललेली छत्री घ्या. देठ टोपीलगत कापा. एका कागदाचा अर्धा भाग कोळशाने किंवा शाईने काळा करून वाळवा, अर्धा पांढरा ठेवा. टोपी पात्या खाली करून दोन्ही रंगांच्या सीमेवर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी टोपी अलगद उचलली की प्रत्येक पातीची रेघ कागदावर उमटलेली दिसते, टोपीच्या मधून कडेकडे जाणारी, बारीक आणि नेटकी. हा बीजाणूंचा ठसा. प्रत्येक रेघेत असंख्य बीजाणू असतात आणि एकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, पण साचले की रंग लपत नाही. पांढरा ठसा काळ्या भागावर दिसतो, गडद ठसा पांढऱ्यावर. गंजासारखा तपकिरी आला तर गॅलेरिना, कोनोसायबी आणि लाकडावरच्या जिम्नोपायलसचं घराणं. पांढरा किंवा फिकट पिवळसर आला तर लेपिओटाची शंका. गुलाबी छटेचा आला तर वाळवीची अळंबी किंवा भाताच्या पेंढ्यावरची व्होल्व्हेरिएला. काळा आला तर पॅनिओलस किंवा शाईसारखी वितळणारी छत्री. हिरवट आला तर क्लोरोफायलम. ठशाने घराणं कळतं, खाण्याजोगं की नाही ते कळत नाही. एकाच रंगाचा ठसा देणाऱ्यांत पंगतीतलीही असते आणि जीव घेणारीही.

ठशासोबत आणखी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. ती उगवली कशावर, माती, लाकूड, शेण की भुसकट. जवळचं झाड कोणतं. देठाचा तळ कसा, म्हणजे पेल्यात बसलेला, गाठीसारखा की सोटासारखा. आणि तोडल्यावर, चोळल्यावर रंग बदलतो का. फोटो वरून एकच काढून भागत नाही. खालून पात्यांचा आणि उकरलेल्या तळाचाही हवा. नमुना सावलीत कडकडीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो आणि महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागात दाखवता येतो. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, १९८० साली नैऋत्य भारतातल्या छत्र्यांवर ग्रंथ काढला. महाराष्ट्राच्या छत्र्यांचा भाग साठे आणि देशपांडे यांनी त्यात लिहिला आहे. घाटातल्या ओल्या रानांकडे अभ्यासकांची पावलं सहज वळतात. कोरड्या मराठवाड्याच्या गायरानांनाही तितकाच वेळ मिळायला हवा. एखाद्या शाळेने एका पावसाळ्यात आपल्याच शिवारातले ठसे जमवले, तारीख-जागा घातली, तर ते खरं मोलाचं काम ठरेल.

विषबाधेच्या वेळी जीव वाचवायला छत्रीच्या नावापेक्षाही घड्याळ जास्त कामी येतं. खाल्ल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या तर त्रास मोठा असला तरी विष बहुधा पोटापुरतं असतं. सहा तासांनंतर, बहुतेकदा सहा ते बारा तासांनी सुरू झाल्या तर अमॅनिटिनची शंका धरलीच पाहिजे. रात्रीच्या जेवणात भाजी होती आणि पहाटे पाण्यासारखे जुलाब लागले, असा हा प्रकार. पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ असतेच, त्यामुळे सलाइन लावून रुग्णाला घरी पाठवलं जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी त्याला खरोखर बरं वाटतं. जुलाब थांबतात, भूक लागते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्याच दिवशी आत यकृत मरत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात आणि तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टरांना 'छत्री खाल्ली होती' आणि 'किती वाजता खाल्ली' हे न विचारता सांगायचं. बरं वाटलं तरी यकृताच्या तपासण्या करून घ्यायच्या. एन-ॲसिटिलसिस्टीन आणि पेनिसिलीनचा उपयोग यात केला जातो. मिल्क थिसल या वनस्पतीपासून काढलेलं सिलिबिनिन हेही औषध आहे, पण ते सगळीकडे मिळत नाही.

दुसऱ्या एका विषाची गोष्ट आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इनोसायबी गटातल्या अनेक छोट्या तपकिरी छत्र्यांत मस्करिन असतं. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांपासून दोन तासांत दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, नाडी मंद. ही लक्षणं सोयाबीनवर फवारणी करताना कीटकनाशक अंगात गेलेल्या शेतकऱ्याच्या लक्षणांशी पुष्कळशी जुळतात, आणि फवारणीचा नि छत्र्यांचा हंगामही एकच. मस्करिनवर अट्रोपिन हाच उतारा, आणि फवारणीच्या विषबाधेमुळे अट्रोपिन इथल्या डॉक्टरांच्या हातातलं औषध आहे. अमॅनिटिनवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, म्हणून दोन्हींत फरक करायला पुन्हा वेळच विचारावी लागते.

शिरूर अनंतपाळहून लातूरच्या शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत रुग्ण हलवायचा तर १०८ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे आणि तिथे डॉक्टरांनाही सल्ला मिळतो. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना सोबत न्यावं, त्रास सुरू झाला नसला तरी. उरलेली भाजी आणि कच्च्या छत्र्यांचे देठ-साली केरात असल्या तरी काढून, कागदात बांधून बरोबर घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या घामेजतात, काही तासांत लगदा होतो आणि मग ठसाही मिळत नाही.